तेरावा जन्म



घरातली झाकलेली गोष्ट, जिव्हाळ्याच्या जिवाचे जाणे आणि पिढीजात चालत आलेली अतींद्रिय दृष्टी, एवढे साहित्य जमले की कादंबरी वाचकाला सोडीत नाही. आपल्याकडे चि. त्र्यं. खानोलकरांनी ‘कोंडुरा’त (१९६६) अलौकिक वर मिळालेल्या माणसाची फरफट दाखविली. आज मी सांगणार आहे ती कथा मात्र कुणा कादंबरीकाराची नव्हे. सतराव्या शतकातल्या एका बाईने ती स्वतःविषयी अभंगांतून सांगून ठेविली आहे. बहिणाबाई सिऊरकर हे तिचे नाव. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या. ही गल्लत शिकलेली माणसेही करतात.

जन्म १६२८चा, वेरूळजवळच्या देवगावचा. लग्न अगदी लहानपणी झाले, आणि नवरा तीस वर्षांचा बिजवर, वेदपाठी ब्राह्मण. भाऊबंदकीमुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि फिरत फिरत ते कोल्हापुरास आले. तेथे दानात मिळालेली एक गाय आणि तिचे वासरू घरी आले. ते वासरू या पोरीच्या हातूनच चारापाणी घेई, कीर्तनालाही तिच्यामागून जाई. लोक बोलू लागले तेव्हा नवऱ्याने तिला केस धरून मारले. पुढे वासरू मेले. ती दिवसचे दिवस बेशुद्ध पडून राहिली आणि त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले. त्यांनी मस्तकी हात ठेवला, मंत्र दिला. प्रत्यक्षात तिने त्यांना कधी पाहिलेही नव्हते.

याला सिद्धी म्हणावे की भ्रम? शोकाकुल माणसाला गेलेला जीव दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, आणि हे पुष्कळांना घडते, तो वेडेपणा नव्हे, असे आजचे मानसशास्त्र सांगते. पण बहिणाबाईला दिसले ते वासरू नव्हे, गुरू दिसला. तोही ज्याला तिच्या घरचे लोक शूद्र म्हणत असा. जागेपणी असा गुरू करण्याची तिला कोण परवानगी देता? स्वप्नाला मात्र नवऱ्याची आडकाठी नसते. मला या दर्शनातला खरा चमत्कार येथे वाटतो.

नवरा संतापला. ती गरोदर असताना तिला टाकून जाण्यास निघाला, आणि नेमका तापाने अंथरुणास खिळला. शुश्रूषा तिनेच केली. बरा झाल्यावर तोच तिला घेऊन देहूस गेला.

नवरात्रात या टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला रांगा लागतात. ‘आमच्या आजेसासूच्या अंगात येई, मग सासूच्या’ हे आपण कितीतरी घरांतून दबक्या आवाजात ऐकलेले असते. घराण्याचा तो मानही असतो आणि लाजही. त्या बाईच्या पायांवर आपण डोके ठेवतो किंवा तिला आतल्या खोलीत बसवितो. तुझे काय गेले, असे तिला विचारणारा क्वचित भेटतो. बहिणाबाईला तरी कुणी विचारले होते? तिने आपण होऊन सांगितले; आणि मार खाल्ल्याचेही लपविले नाही. घराची अब्रू म्हणून आपण जे झाकतो, ते तिने अभंगात घातले.

वारशाचा भाग अगदी अखेरचा आहे. मुलगा विठोबा आपल्या पत्नीच्या अंत्यक्रियेसाठी परगावी गेलेला. आपला काळ जवळ आला हे जाणून आईने त्याला पत्राने बोलावून घेतले. एका दुःखातून उठून तो दुसऱ्या दुःखाशी आला. आई त्याला म्हणाली, मागच्या बारा जन्मांत तू माझाच मुलगा होतास. हा तेरावा, आणि माझा शेवटचा. मग ते जन्म तिने त्याला एकेक करून सांगितले. पूर्वजन्मावर माझा विश्वास नाही. पण नुकत्याच एकट्या पडलेल्या मुलाला मरणारी आई याहून अधिक काय देणार? दृष्टी दिली म्हणा, गोष्ट दिली म्हणा.

ती गेली १७०० साली, बहात्तराव्या वर्षी. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिची समाधी आहे.