सेलकप्प्याची कैफियत



या आसनावर मला बसविल्याबद्दल आपला ऋणी आहे. परभणीतली सभागृहे सोडून संग्राहकांचा मेळावा झरीत भरविणाऱ्यांचे आभार मानतो, दिवंगत स्नेह्यांना अभिवादन करतो, आणि शिरस्त्याप्रमाणे घ्यावयाचा वर्षाचा आढावा चिटणीसांच्या छापील अहवालावर सोपवितो. कारण जी एक गोष्ट बोलण्यासाठी मी पुष्कळ वर्षे थांबलो, तिलाच मिळालेला वेळ अपुरा आहे.

ती गोष्ट अशी की, आपल्या संग्रहांतील सेलवरच्या खेळण्यांचा जेवढा घात धूळ, ऊन आणि उंदीर यांनी मिळून केला नसेल, तेवढा त्यांच्या पोटात विसरलेल्या सेलांनी केला आहे. कै. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते जमवून पुण्यातला तो संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. पण अडकित्त्याचा शत्रू अडकित्त्याच्या बाहेर असतो. आपल्या वस्तूंचा शत्रू आपणच आत कोंडतो.

साध्या सेलचे जस्ती नळकांडे हे पात्रही असते आणि इंधनही. वीज देता देता तेच झिजते, त्याला भोके पडतात, आणि कल्हईवाला तापल्या भांड्यावर फिरवितो तोच नवसागर आतून पाझरू लागतो. पितळी पट्टीवर हिरवा कळंक चढतो, आणि तो तारेच्या वेष्टनाखालून सरकत थेट सर्किटपर्यंत पोचतो. अल्कलाइन सेलचे दुखणे याच्या उलट. त्याचा दाहक क्षार हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बसतो. पहिल्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी, दुसऱ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, कापसाच्या काडीने, आणि मागाहून स्पिरिटचा हात. एवढ्या स्वस्त विद्येचा प्रसार आपण केला नाही, याचा मला संताप येतो.

आपल्यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, खोका उघडू नये, कोरेपणातच मोल आहे. दुसरा म्हणतो, खेळणे चालते ठेवावे. परभणीच्या माझ्या दुरुस्तीच्या मेजावर हा वाद केव्हाच निकालात निघाला. इथल्याच एका घरातून पत्र्याचा रोबो आला होता. घरातले वडीलधारे हजहून परतताना त्यांनी त्याची जोडी आणली होती. एक कपाटात जपून ठेवला, दुसरा लेकीच्या सासरी गेला. “मास्तर, नव्यासारखा आहे, फक्त चालत नाही,” असे म्हणून थोरल्याने खोका पुढे केला. रंग शाबूत, चित्रे झळझळीत. पण कप्प्याचे झाकण निघेना, आणि निघाले तेव्हा स्प्रिंगच्या जागी हिरवट राख बोटाला लागली. लेकीकडचा मी नंतर पाहिला. पोचे पडलेला, एक हात वाकलेला. सेल संपताच मुले ते काढून टाकीत, म्हणून कळ दाबताच डोळे पेटवून चालू लागला. मोहोरबंद खोक्याची थोरवी सांगणाऱ्यांनी मला यावर उत्तर द्यावे.

शिवाय कोऱ्या खोक्यातही तारांवरचे पीव्हीसी ज्या प्लास्टिकला टेकते त्याला मऊ पाडते. कसर लागू नये म्हणून आपल्या आयाबहिणी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकतात; त्या लुगड्याला ठीक, पण त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिनचे खेळणे चिकट होते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी, आणि पावसाळ्यात तीच जागा दमट. तेव्हा १९७८ चे ‘स्पीक अँड स्पेल’ असो की १९८० पासूनचे ‘गेम अँड वॉच’, त्याला घरातली मधली, सावलीची खोली द्यावी, माळा नव्हे.

जुन्या खेळण्यांची सूची, तालुक्यातल्या रेडिओ कारागिरांसाठी एखादा वर्ग, जमल्यास लहानशी पुस्तिका, अशा तजविजी मनात आहेत. त्यांचा तपशील कार्यकारी मंडळ ठरवील. पण एक ठराव मला आजच, याच आसनावरून मांडायचा आहे: यापुढे आपल्यातील प्रत्येक खरेदी-विक्रीच्या पावतीवर, सेलकप्पा उघडून पाहिला की नाही आणि आत काय आढळले, हे लिहिल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये. विक्रेत्यांचा विरोध मला ठाऊक आहे. त्यांनी तो येथे, सर्वांसमक्ष बोलावा. चिटणीसांनी सूचक म्हणून माझे नाव लिहावे, आणि अनुमोदनासाठी सभेतून कोणीतरी उभे राहावे.