स्वतःच्या आवाजात



आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या कॅरोल किंग न्यूयॉर्कच्या. १७ व्या वर्षी लग्न, पाठोपाठ दोन मुली, आणि संसार सांभाळून दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी चाली बांधणे. शब्द पती जेरी गॉफिन यांचे. आजचे प्रेम उद्या टिकेल का, असे विचारणारे त्यांचे १९६० सालचे गाणे शिरेल्स या मुलींच्या संचाने गायिले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. चाल कोणाची, हे मात्र कोण विचारतो!

पुढे घटस्फोट झाला. मुलींना घेऊन बाई कॅलिफोर्नियात आल्या. स्वतःच्या आवाजातली १९७० ची तबकडी फारशी खपली नाही. तरी १९७१ च्या जानेवारीत हॉलिवूडला 'टॅपेस्ट्री' ध्वनिमुद्रित झाली. निर्माते लू अ‍ॅडलर यांनी वाद्यांची गर्दी टाळून बाईंचा पियानो पुढे ठेवला. आवाज काही फार कमावलेला नव्हे; पण शेजारीण ओट्यावर बसून मनातले सांगते आहे, असे वाटते. शिरेल्सचे ते गाणे इथे त्यांनी स्वतः, संथ लयीत म्हटले आहे. १८ व्या वर्षी चाल दिलेला तो प्रश्न दोन मुलींच्या आईच्या तोंडून ऐकताना मला तर भरून आले.

वेष्टनावर बाई खिडकीशी बसलेल्या, अनवाणी, जवळ मांजर. नट्टापट्टा नाही.

तबकडी १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९७२ साली तिला चार ग्रॅमी पारितोषिके मिळाली. समारंभाला बाई नव्हत्याच. तिसरी मुलगी तान्ही होती. त्या घरी तिच्यापाशी होत्या.