कशावरून म्हणतोस?

(सोलापूर येथे मंडळाच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्षक नाही. बँकेत लिपिक आहे, कला शाखेचा पदवीधर आहे आणि रविवारी सकाळी समाजमंदिरातील अभ्यासिकेत पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर बसतो, एवढाच माझा अधिकार. विषय छोटा आहे. मुलांना एक चित्र दाखवावे, त्यावर त्यांना बोलू द्यावे आणि ह्या बोलण्यातून त्यांना विचार करण्याची सवय लागावी, ह्यासंबंधी मला दोन शब्द सांगायचे आहेत.

ही कल्पना आपल्याकडे नवीन आहे असे कोणी समजू नये. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीने पहिलीच्या पुस्तकात अक्षरांच्याही आधी चित्रे दिली. बाजार, जत्रा, शेत, घर. ह्याला आपण चित्रवाचन म्हणतो. मुलाने चित्र पाहावे, गप्पा माराव्यात, असा हेतू. परंतु प्रत्यक्षात वर्गात काय घडते? गुरुजी विचारतात, "हे काय आहे?" मुले एका सुरात ओरडतात, "बैल!" "हे काय आहे?" "झाड!" पाच मिनिटांत चित्र संपते आणि पान उलटले जाते. हे चित्रवाचन नव्हे, ही चित्राची हजेरी झाली.

चित्रकलेच्या तासाचीही तीच गत आहे. आपल्या राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षांची मोठी परंपरा आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव मुले मन लावून करतात, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या तासाला हात शिकतो. दुसऱ्याने काढलेले चित्र पाहून त्यावर बोलायला डोळा आणि जीभ कधी शिकणार? त्यासाठी वेळापत्रकात जागा नाही.

ह्याच प्रश्नाचा पाठपुरावा अमेरिकेत दोघांनी केला. अबिगेल हाउसन ह्या मानसशास्त्रज्ञ आणि फिलिप येनवाइन हे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातील शिक्षण विभागाचे प्रमुख. संग्रहालयात येणाऱ्या लोकांना कितीही माहिती सांगितली तरी त्यांची पाहण्याची रीत फारशी बदलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी माहिती सांगणे बाजूला ठेवले आणि फक्त तीन प्रश्न ठेवले. ह्या चित्रात काय चालले आहे? तुला असे कशावरून वाटते? आणखी काय दिसते? पुढे १९९३ ते १९९८ ह्या काळात मिनेसोटा राज्यातील बायरन ह्या गावच्या शाळेत त्यांनी ही पद्धत प्राथमिक वर्गांवर चालवून पाहिली. मुले चित्राबद्दल बोलताना कारण देऊ लागली, एवढेच नव्हे, तर चित्र नसलेल्या दुसऱ्या विषयातही कारण देऊ लागली, असे त्यांना आढळले.

तीनपैकी मधला प्रश्न हाच खरा. "कशावरून म्हणतोस?" आपल्या घरात हा प्रश्न मुलाला विचारला जातो तो दटावण्यासाठी, खोटे पकडण्यासाठी. तोच प्रश्न कुतूहलाने, शांत आवाजात विचारला की मूल पुन्हा चित्राकडे वळते, शोधते, आणि बोट ठेवून सांगते. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, की परंपरेने आले म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका, त्याची पहिली इयत्ता म्हणजे हा प्रश्न आहे, असे मला वाटते.

आता आमच्या अभ्यासिकेतील एक प्रसंग सांगतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातील, एक प्रसिद्ध भित्तिचित्र आहे. भगवान बुद्ध हाती भिक्षापात्र घेऊन उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री आणि एक लहान मुलगा. बुद्धांची आकृती प्रचंड मोठी, मायलेकरे अगदी लहान. यशोधरा आणि राहुल. एका जुन्या कॅलेंडरवरचे हे चित्र आम्ही पुठ्ठ्यावर चिकटवले आणि मुलांसमोर धरले. कथा सांगितली नाही. नावही सांगितले नाही.

एक मिनिट सगळे गप्प. मग मागून एक जण म्हणाला, "सर, त्यो मोठा माणूस भीक मागायलाय." कशावरून? "हातात भांडं हाय की." त्यावर दुसरा उसळला, "एवढा मोठा माणूस भीक कशाला मागंल? मोठा म्हंजी राजा असणार." त्याला विचारले, राजा कशावरून? तो चित्राकडे पाहत राहिला. मुकुट सापडेना. दागिने सापडले, ते त्या बाईच्या अंगावर. मग तोच म्हणाला, "राणी ती हाय. म्हंजी राणीच्या दारात आलाय." आणि तिसरीतली एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, ती म्हणाली, "तो मोठा नाहीए. त्या पोराला तो तसा दिसतोय."

मंडळी, मी पदवीला कलेचे दोन पेपर दिले होते. त्या चित्रातील आकारभेदाविषयी मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलेले वाचले होते. आठ वर्षांच्या मुलीने ते एका वाक्यात सांगितले, आणि ते पाहून सांगितले, वाचून नव्हे.

कथा आम्ही नंतर सांगितलीच. बुद्ध कपिलवस्तूला परतले, यशोधरेने राहुलला वारसा मागायला पुढे केले, हे ऐकताना मुलांचे डोळे चित्रावरून हलत नव्हते. कारण प्रश्न त्यांचा होता, उत्तर नंतर आले. येथे आमच्या काही ज्येष्ठांनी नाराजी व्यक्त केली. भगवंताच्या चित्राला मुले भिकारी म्हणतात आणि तुम्ही ऐकून घेता? त्यांचा भाव मी समजतो. पण भिक्षापात्र त्या मुलाने पाहिले, हे विसरू नये. आपल्यापैकी कितीजण त्या चित्राला वर्षानुवर्षे वंदन करतात आणि हातात काय आहे हे सांगू शकत नाहीत?

ती तिसरीतली मुलगी शेजारच्या गल्लीतील विणकर कुटुंबातली आहे. घरी तेलुगू. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत, तरी घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी अशी मुले प्रत्येक वर्गात सापडतात. अशी मुले मंद नसतात. त्यांच्याजवळ शब्द कमी असतात आणि चुकले तर हसतील ही भीती असते. धडा वाचायला सांगितला की ती मागे पडतात. चित्रासमोर मात्र सगळी सारखी. बोट ठेवायला भाषा लागत नाही. मूल बोट ठेवून मोडके-तोडके बोलते, शिक्षकाने तेच वाक्य नीट मराठीत पुन्हा म्हणावे: "म्हणजे तुला म्हणायचे आहे की, बाईने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आहे." मुलाला आपला विचारही परत मिळतो आणि शब्दही मिळतात. भाषा शिकवण्याचा ह्याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

हे सारे मी इतक्या तळमळीने का सांगतो, ते आता सांगतो. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी वीस वर्षे माणसे पाहिली. विड्या वळणाऱ्या भगिनी येतात, गिरण्या बंद पडल्यावर मिळेल ते काम केलेले वडीलधारे येतात. सही येते, पण कागद वाचत नाहीत. "साहेब, बोट ठेवा, तिथं सही करते." जामीनदार म्हणून सही करणारा माणूस जामीन म्हणजे काय हे विचारत नाही. खात्यातून रक्कम कमी झाली तर का झाली हे विचारत नाही. त्यांना अक्षर येत नाही म्हणून नव्हे. कित्येकजण सातवी-आठवी शिकलेले आहेत. शाळेत त्यांना कोणी प्रश्न विचारू दिला नाही. समोरच्या कागदाकडे पाहून "हे कशावरून?" असे म्हणण्याची सवय सातव्या वर्षी लागली नाही तर चाळिसाव्या वर्षी ती लावणे किती कठीण आहे, हे मी रोज पाहतो.

पालक विचारतात, ह्याने मार्क वाढतील का? मी तसे वचन देत नाही. पाढे पाठ करावेच लागतील, शुद्धलेखन करावेच लागेल. शिष्यवृत्तीच्या पेपरात उतारा वाचून उत्तर शोधायचे असते, तेथे थोडा उपयोग होईल, एवढे म्हणता येईल. आठवड्यातून वीस मिनिटांचा हा प्रश्न आहे.

शिक्षकांसाठी दोन-तीन व्यवहारातील गोष्टी. चित्र शेवटच्या रांगेला दिसेल एवढे मोठे हवे. पुस्तकातले चित्र चाळीस मुलांत चालत नाही. चित्रात काहीतरी घडत असावे. नुसता फुलदाणीचा गुच्छ दोन मिनिटांत संपतो. वारली चित्रातला तारपा नाच अर्धा तास पुरतो, कारण प्रत्येक मूल वेगळा नाचणारा धरून बसते. आणि सर्वात अवघड म्हणजे "शाब्बास" म्हणू नये. एकाला शाब्बास म्हटले की बाकीचे चित्राकडे पाहायचे थांबतात आणि गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागतात. बरोबर-चूक चित्राने ठरवू द्यावे, जसे त्या राजाचे ठरले. मुलगे हात वर करून ओरडतात, मुली थांबतात, म्हणून मी आळीपाळीने विचारतो. ह्यात पैसा लागत नाही. जुनी कॅलेंडरे, चादरीवरची नक्षी, दुकानावरची पाटीसुद्धा चालते.

आमच्याजवळ आजपर्यंत पुठ्ठ्यावर चिकटवलेली २३ चित्रे जमली आहेत. ती समाजमंदिरातील लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवली आहेत. कोणत्याही शाळेच्या शिक्षकाने सोमवारी न्यावीत आणि शनिवारी परत आणून द्यावीत. वहीत नाव लिहावे, म्हणजे झाले. अजिंठ्याचे चित्र मात्र एकच आहे, त्याचे कोपरे दुमडू लागले आहेत, ते जपून वापरावे.

जयभीम.