दुखत नाही म्हणून



मी डॉक्टर नाही. बापाला मुतायला उचलून नेणारा पोरगा आहे. तेवढ्या हक्कानं बोलतोय.

बाप सफाई कामगार. दाब निघाला १८०/११०. गोळी चालू झाली. दोन महिन्यांनी म्हणाला, 'डोकं दुखत नाय, चक्कर नाय, कशाला पैसे घालू?' तिथंच घात झाला. एका पहाटे तोंड वाकडं, उजवा हात लुळा. ज्या हातानं शहर झाडलं, तो हात आता घास उचलत नाही.

हा रोग ओरडत नाही. दाब पुन्हापुन्हा १४०/९० किंवा वर निघाला, की समजा तो घरात घुसलाय. तुम्ही झोपलात तरी तो मेंदूच्या, काळजाच्या, मूत्रपिंडाच्या नसा कुरतडतोय.

यावरचं औषध काही आभाळातून पडलं नाही. सर्पगंधेची मुळी. साप चावला, वेड लागलं, की आपल्याकडची माणसं ती द्यायची. त्यांची नावं कुठंच नाहीत. मुंबईच्या के. ई. एम.मधल्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली तिचे दाबावरचे अनुभव इंग्लंडच्या मासिकात छापले, तेव्हा जगानं मान डोलावली. १९५२मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढं त्यानं माणसं खिन्न होतात असं दिसलं. नव्या गोळ्या आल्या, ते मागं पडलं.

आज अमलोडिपिन नसा सैल करते. एनालाप्रिल आणि टेल्मिसार्टन नसा आवळणाऱ्या द्रव्याला अडवतात. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठपाणी काढते. पण यातली एकही गोळी रोग मुळातून उपटत नाही. दाबून धरते. हात काढला की दाब परत वर. अमलोडिपिननं पाय सुजतील, एनालाप्रिलनं कोरडा खोकला येईल. मग डॉक्टरला सांगून गोळी बदला. आपल्या मनानं सोडू नका. बाई पोटुशी असेल तर एनालाप्रिल, टेल्मिसार्टन चालत नाहीत, हे आधीच सांगा.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खरंय. पण ज्याच्या ताटात भाकरी आणि सुकटीची चटणी एवढंच, त्यानं कमी काय करायचं? हा प्रश्न जिभेचा नाही, मजुरीचा आहे. तोही विचारायचा.

तोवर एक करा. आज घरी गेल्यावर आईला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. दाब मोजा. गोळी लिहून दिली आणि खिडकीवर 'नाही' म्हणाले, तर 'का नाही?' म्हणून तिथंच उभे राहा.

माझा बाप गप्प राहिला. आता त्याला बोलताच येत नाही.