वस्तरा आणि सबुरी

१९०३ साली जिलेटचा सेफ्टी रेझर विक्रीस आला आणि घरच्या घरी दाढी करणे सोपे झाले. तरीही घडीचा वस्तरा शिकावा असे काहींना वाटतेच. त्यांना एकच सांगणे: पहिल्याच दिवशी न्हाव्याच्या हातची गुळगुळीत दाढी मागू नका. त्या हातामागे हजारो दाढ्यांचा सराव असतो.

आरंभी वस्तरा फक्त गालांवर चालवा. हनुवटी नि ओठ नेहमीच्या रेझरने उरका. एका हाताने कातडी ताणून धरा. पाते कातडीशी सुमारे ३० अंशांत असावे. फार उभे धरले तर कापते, अगदी निजवले तर केस ओढते. दाब तर मुळीच नको. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे, धार मागे. उलट केलेत की चामडेही गेले नि धारही!

खरा धोका पंधरा-वीस दिवसांनी असतो. भीती गेलेली असते, हात मात्र बसलेला नसतो. त्याला महिने लागतात. तोवर थोडे खुंट राहिले तर राहू द्यात. खुंट उद्याही निघतील. गालावरचा व्रण मात्र मुक्कामाला येतो.