बीकर मोठं होत नाही



स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटपावं असा संकेत आहे, तो पाळायचा प्रयत्न करतो.

आपल्या परिषदेचा विषय, विजेवर रसायनं बनवणं, नवा नाही. कोल्बेचं विद्युत-अपघटन 1840च्या दशकातलं. 1960च्या दशकात मोन्सॅन्टो नायलॉनसाठीचं ॲडिपोनायट्राइल विजेवर बनवू लागली. आपल्याकडे कारैकुडीची विद्युत-रसायन संशोधन संस्था 1953 पासून आहे. मग ऑक्सिडेशन म्हटलं की आपला हात अजून परमँगनेटच्या ड्रमकडेच का जातो? हिशेब तर विजेच्या बाजूने आहे. समजा मालाचा रेणुभार 200, दोन इलेक्ट्रॉनांचं काम. काही वाया गेलं नाही तर किलोला 268 ॲम्पिअर-तास. सेलवर 4 व्होल्ट धरा, जेमतेम एक युनिट वीज!

घोडं अडतं ते भांड्यापाशी. औषधासाठीची, बीकरमधली एक गुणी अभिक्रिया मी 50 लिटरच्या टाकीत नेली. द्रावण हजारपट झालं, इलेक्ट्रोडचा पत्रा शंभरपटच. वीज वाहावी म्हणून मीठ वाढवलं, व्होल्टेज वाढवलं, टाकी तापली आणि तिसऱ्या दिवशी ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर डांबरासारखा काळाकुट्ट थर. तो खरवडता खरवडता आमचा ऑपरेटर म्हणाला, “साहेब, हे पोटात घ्यायचं की रस्त्यावर टाकायचं?”

यावर उतारा म्हणजे फ्लो रिॲक्टर. त्यात दोन पत्र्यांतली फट मिलिमीटरहूनही कमी ठेवता येते. द्रावण पत्र्याला लगटून वाहतं. मीठ कमी लागतं, उष्णता लवकर निघून जाते. माल जास्त हवा तर भांडं वाढवायचं नाही, सेल वाढवायचे. कागदावर हे फार गोड दिसतं. पण कॅथोडवर हायड्रोजन सुटतो, आणि त्या चिंचोळ्या फटीत बुडबुडा अडकला की तेवढा पत्रा बेकार. शिवाय शंभर सेलांत द्रावण सारखं वाटायचं कसं?

म्हणून वक्त्यांना एक विनंती. 95 टक्के यील्डच्या स्लाइड आम्ही पुष्कळ पाहिल्यात. सेल सलग किती तास चालला, कशाने तुंबला, कसा धुतलात, तेवढं सांगा.

दुपारी दोन वाजता कुरकुंभला बस निघेल. आमच्या प्लँटवर एक तुंबलेला सेल तुमच्यासाठी उघडून ठेवलाय. पायात बूट घालून या. चपला दिसल्या की वॉचमन गेटवरच अडवतो, स्वागताध्यक्षालाही.