चिमणीचं दार आणि इंग्रजीचा तास



शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारात भिजत उभा राहतो.
ही गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक आहे.
हीच गोष्ट इंग्रजीच्या भावी शिक्षकांपुढे भाषांतरासाठी ठेवली तर?

चिमणी दार उघडत नाही.
ती बाळाला न्हाऊ घालते आहे.
मग त्याला पुसते आहे.
मग काजळ लावते आहे.
प्रत्येक नकारात चालू वर्तमानकाळ आयताच येतो. भाषांतर करता करता तो अंगवळणी पडतो. व्याकरणाचा तक्ता नंतर आला तरी चालतो.

खरी रंगत पुढेच आहे.

गोष्ट इंग्रजीत थोडक्यात सांगताना चिमणीला काय म्हणायचं? सावध, की निष्ठुर?
विशेषण निवडायचं, तर आधी न्याय करावा लागतो.
कुणी म्हणेल, घरात तान्हं बाळ आहे.
कुणी म्हणेल, बाहेर मुसळधार पाऊस आहे.
वाद रंगतो, आणि तो इंग्रजीत घालावा लागतो. तयार तात्पर्य घोकण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

पण भाषांतराला वर्गात नेहमीच जागा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘डायरेक्ट मेथड’, म्हणजे परकी भाषा थेट त्याच भाषेतून शिकवायची पद्धत, पुढे आली. तिने भाषांतराला वर्गाबाहेर काढलं.
२०१० मध्ये भाषातज्ज्ञ गाय कुक यांनी पुस्तक लिहून भाषांतराची बाजू ठामपणे मांडली. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही द्विभाषिक अध्यापनाला प्रोत्साहन दिलं.

थोडक्यात, इथे भाषांतर म्हणजे विचार करायला लावणारा सराव.

या गोष्टीचा शेवटही घरोघरी वेगळा सांगतात. कुठे कावळ्याला चटका बसतो, कुठे नाही. शिक्षकांनी मुलांना आजीकडून गोष्टीचा शेवट ऐकून यायला सांगावं, आणि दुसऱ्या दिवशी तो इंग्रजीत सांगायला लावावा.